भाषण गुरुजींचं, तोंड तुमचं

"ताई, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावची सरपंच आहे. जागा महिला राखीव झाली म्हणून उभी राहिले आणि निवडून आले. शिक्षण दहावी. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत पहिल्यांदाच माईकवर बोलायचं होतं. शाळेतल्या गुरुजींनी दोन पानांचं भाषण लिहून दिलं. आठ दिवस पाठ करत होते, भाकरी थापतानासुद्धा म्हणत होते. उभी राहिले आणि 'गावाच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध' इथंच जीभ अडकली. हातातला कागद फडफडायला लागला. पुढं बसलेली पोरं हसली. मग आमच्या मालकांनी उठून माईक घेतला आणि राहिलेलं भाषण त्यांनीच केलं. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर कुणी काही बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं. बचत गटात मी बोलते. पाण्याच्या टँकरवर तर भांडतेसुद्धा. मग माईकवरच काय होतं? 2 ऑक्टोबरला परत ग्रामसभा आहे. मालक म्हणतात, तू नुसती बस, मी बघतो. जिल्ह्याच्या गावाला भाषणाचा क्लास आहे, फी आठ हजार. लावू का? (नाव छापू नये.)"

सरपंचताई,

तुमच्या पत्रातलं 'टँकरवर भांडतेसुद्धा' हे वाक्य मी परत परत वाचलं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते सगळं पत्र त्या एका वाक्यात आहे.

टँकर येतो तेव्हा काय असतं? चाळीस-पन्नास बायका, हंड्यांचा खणखणाट, कुणाचा पाईप कुणाच्या पिंपात, ड्रायव्हर घाईला आलेला. ना माईक, ना खुर्ची, ना स्वागताचा नारळ. त्या गोंधळात तुमचा आवाज शेवटच्या हंड्यापर्यंत पोचतो. कुणाला किती पाणी मिळालं, कुणाचं राहिलं, काल कोण दोनदा भरून गेलं, हे तुम्ही न अडखळता सांगता आणि समोरचीला गप्पही करता. वक्त्याकडे आणखी काय असायला लागतं? आवाज आहे, धीर आहे, मुद्दा आहे, माहिती तोंडावर आहे.

मग 15 ऑगस्टला बिघडलं कुठे? त्या दिवशी तुम्ही बोलतच नव्हता. गुरुजी बोलत होते, तुमच्या तोंडून. 'सर्वांगीण' आणि 'कटिबद्ध' हे शब्द तुम्ही आजवर कधी कुणाशी बोलताना वापरलेत? नणंदेला कधी म्हणालात का, की मी तुमच्या पोराच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध आहे? उसनी चप्पल घालून चार पावलं चालता येतं. देवळाच्या पायऱ्या चढायला लागलं की ती पायातून सुटते. तुमची जीभ नेमकी पायरीवर अडकली.

पाठांतराची दुसरी गोची अशी की ते साखळीसारखं असतं. एक कडी निसटली की पुढचं सगळं गेलं, कारण डोक्यात अर्थ नसतो, फक्त शब्दांची रांग असते. टँकरवर एखादा शब्द आठवला नाही तर तुम्ही दुसरा वापरता आणि कुणाला कळतही नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, माझी फजिती झालेली आहे. मी बरीच वर्षं कार्यक्रमांचं सूत्रसंचालन केलं. सुरुवातीच्या काळात एका सत्कार समारंभात पाहुण्यांचा परिचय मी शब्दन् शब्द पाठ केला होता. त्यांचा जन्म झाला, शाळा झाली, कॉलेजात गेले आणि तेवढ्यात वीज गेली. पाच मिनिटांनी दिवे आले, माईक सुरू झाला आणि मला पुढचं एक अक्षर आठवेना. दुसरा मार्गच नव्हता, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मागून एक आजोबा मोठ्यांदा म्हणाले, "बाई, जन्म झालाय त्यांचा मगाशी." सगळं सभागृह हसलं, पाहुणेसुद्धा. त्या रात्री मी घरी येऊन पाठ केलेले सगळे परिचय फाडले.

तुम्ही पंढरपूरला जातच असाल. तिथे गाडगेबाबांनी बांधलेली धर्मशाळा आहे. गाडगेबाबा (1876–1956) शाळेत गेले नाहीत. दिवसा गावातले रस्ते झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. हजारो माणसं बसायची. भाषा कुठली? अमरावतीकडची वऱ्हाडी, घरात बोलतात तशी. त्यांच्या एका कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे, मोबाईलवर सापडेल, ते जरूर ऐका. बाबा सांगत कमी आहेत आणि विचारत जास्त आहेत. ते प्रश्न टाकतात, लोक उत्तर देतात. उत्तर बारीक आवाजात आलं तर पुन्हा विचारतात. दहा मिनिटांत समोरच्या माणसाला वाटायला लागतं की हे आपणच बोलतोय. हे तंत्र तुमच्या अगदी उपयोगाचं आहे, कारण ग्रामसभा म्हणजे भाषण नव्हेच. ती सभा आहे. तिथे गावानं बोलायचं असतं आणि तुम्ही त्याला बोलतं करायचं असतं.

आता 2 ऑक्टोबरचं बघू.

एकच विषय घ्या. पाणी घ्या, तुम्हाला त्यातलं सगळं माहीत आहे. रस्ता, अंगणवाडी, दिवाबत्ती, घरकुल या सगळ्यांची यादी ग्रामसेवक भाऊसाहेब वाचतीलच, ते त्यांचं काम आहे. गुरुजींच्या कागदात बहुतेक असं एखादं वाक्य असेल: 'वित्त आयोगाच्या बंधित निधीतून पाणीपुरवठ्याची कामे प्रस्तावित आहेत.' वाक्य खरं आहे, पण पारावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यात त्यातलं काय शिरणार? तेच तुम्ही असं सांगा: "सरकारकडून ग्रामपंचायतीला पैसे येतात. त्यातला एक हिस्सा असा असतो की तो पाण्यावर नाहीतर स्वच्छतेवरच घालायचा. त्यातला रुपयासुद्धा सभामंडपाला लावता येत नाही. तर पाण्याचं काय करायचं, ते आज आपण ठरवू." यात अवघड शब्द एकही नाही. आणि सभामंडपासाठी हट्ट धरून बसलेल्यांना नाव न घेता उत्तरही मिळालं.

आकड्यांचंही तसंच. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलंय, हे तुम्ही पंचायत समितीच्या बैठकीत ऐकलं असेल. माईकवरून '55 लिटर' म्हटलं तर ते हवेत विरून जातं. लिटर कुणाच्या कमरेवर नसतं. हंडा असतो. 15 लिटरचा हंडा धरला तर साडेतीन हंड्यांहून थोडं जास्त. मग विचारा: "माणशी साडेतीन हंडे पाणी यायला पाहिजे. काल कुणाच्या घरी आलं? हात वर करा." आणि थांबा. खरंच थांबा, मनात पाच आकडे मोजा. ती शांतता तुम्हाला फार मोठी वाटेल, लोकांना नाही वाटणार. त्या पाच आकड्यांत माणसं एकमेकांकडे बघतील, घरचे हंडे मोजतील. दोन हात वर येतील किंवा एकही येणार नाही. पोरं हसणार नाहीत, कारण त्यांच्या घरी पाणी कोण भरतं हे त्यांना माहीत असतं.

तयारी कशी करायची? लिहू नका. आधी बोला. संध्याकाळी बहिणीला किंवा मैत्रिणीला फोन लावा आणि सांगा, "अगं, आमच्या गावाला पाण्याचं असं असं झालंय." फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि नंतर स्वतःचंच बोलणं ऐका. पहिल्यांदा आपला आवाज ऐकताना सगळ्यांनाच कसंतरी होतं, तिकडे लक्ष देऊ नका. कुठे बोलणं सरसर चाललंय आणि कुठे रेंगाळतंय, तेवढं बघा. जिथे सरसर चाललंय ते ठेवा. मग चार-पाच शब्द मोठ्या अक्षरात लिहून घ्या: टँकर. हंडे. हात वर. पैसे. विहीर. झालं भाषण. पहिलं वाक्य तेवढं पाठ असू द्या आणि शेवटचं. कीर्तनकारसुद्धा उभं राहिल्या राहिल्या निरूपणाला हात घालत नाहीत. आधी गजर होतो, जो त्यांना झोपेतही येतो. तेवढ्यात गळा मोकळा होतो आणि समोरची माणसंही जागेवर येतात. तुमचं पहिलं वाक्य म्हणजे तुमचा गजर.

ते चार शब्द लिहायला वहीचं पान घेऊ नका. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, घरात ढीग असेल, आणि कोऱ्या बाजूला लिहा. तुमचा कागद फडफडला कारण तो पातळ होता. हात सगळ्यांचे थरथरतात. पातळ कागद ती थरथर गावाला दाखवतो, जाड पत्रिका दाखवत नाही.

थरथरीबद्दल एवढंच समजून घ्या की शेतात साप दिसला की अंगात जे होतं, तेच इथे होतं. शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं, काळीज धडधडतं, तोंडाला कोरड पडते, कारण अंगाला वाटतं की आता पळायचंय. पळायचं तर नाही, म्हणून ती ताकद हातापायात थरथरत बसते. हे पहिल्या मिनिटात सगळ्यात जास्त असतं आणि बोलणं सुरू झालं की उतरायला लागतं. म्हणून ते पहिलं मिनिट निभावण्यापुरती तजवीज करायची. उठण्याआधी श्वास हळूहळू सोडा, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ लावा, असं चार-पाच वेळा करा. दोन घोट साधं पाणी प्या. आणि उभं राहिल्यावर दोन्ही पायांवर सारखं वजन द्या. एका पायावर भार टाकून उभं राहिलं की माणूस झुलायला लागतो, आणि झुलणारा माणूस घाबरलेला दिसतो, मग तो घाबरलेला असो वा नसो.

आता माईक. याबद्दल कुणी काही शिकवत नाही आणि अर्धी फजिती तिथेच होते. आदल्या संध्याकाळी मंडपवाला वायरी जोडायला येईल तेव्हा तिथे जा. हक्काने जा, तुम्ही सरपंच आहात. माईकचं बटण कुठे आहे ते बघून ठेवा. तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित खाली धरा, तोंडासमोर अगदी सरळ धरला तर 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवा त्यावर आदळते आणि ढब्ब ढब्ब आवाज येतो. 'पाणी'ची सुरुवातच 'प'नं होते, तेव्हा हे लक्षात असू द्या. त्यावर टकटक करायची नाही, फुंकर मारायची नाही. कर्ण्याच्या समोर उभं राहायचं नाही. कर्ण्यातून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरला की तोच फिरून फिरून मोठा होतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. कर्णा तुमच्या पुढे असावा आणि त्याचं तोंड लोकांकडे.

आणखी एक. मैदानाच्या पलीकडे शाळेची भिंत असेल तर तुमचाच शब्द तिच्यावर आपटून परत येतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे भिंत 85 मीटरवर असली तर अर्ध्या सेकंदाने तुमचा शब्द तुमच्याच कानावर येतो. सवय नसलेला माणूस गोंधळतो, त्याला वाटतं मागून कुणीतरी चिडवतंय. उपाय सोपा आहे. वाक्य लहान ठेवा, वाक्य संपलं की क्षणभर थांबा, प्रतिध्वनी येऊन जाऊ द्या, मग पुढचं बोला. आदल्या संध्याकाळी रिकाम्या मैदानात 'पाणी, पाणी' म्हणून बघा. मंडपवाला हसेल. हसू दे.

रंगीत तालमीची सोय तर कायद्यानंच करून ठेवली आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते, वहीत सह्या केल्या की संपलं. तुम्ही ती खरी भरवा. तिथे समोर टँकरवरच्याच बायका असतील, ज्यांच्याशी तुम्ही रोज बोलता. फरक एवढाच करा की त्या बसलेल्या असतील आणि तुम्ही उभ्या. जे ग्रामसभेत बोलणार ते आधी तिथे बोला. त्या मधेच तोडतील, "असं नव्हं, गेल्या आठवड्यात चार दिवस आलाच न्हाई टँकर" म्हणतील, तुमच्या बोलण्यातल्या चुका सुधारतील. आणि मग ग्रामसभेला त्या आल्या, तर तुमच्या समोर निम्मी माणसं अशी असतील ज्यांना तुमचं म्हणणं आधीच ठाऊक आहे आणि पटलेलं आहे. नजर तिथे ठेवा. हसणाऱ्या पोरांकडे कशाला बघायचं?

कुणी मधेच उठेल. "आधी रस्त्याचं बोला!" प्रत्येक गावात असा एक असतोच. त्याच्याशी माईकवरून भांडू नका, टँकरची सवय इथे आवरायची. म्हणा, "रस्त्याचं भाऊसाहेब लिहून घेतायत, पाण्याचं संपलं की तुम्हालाच माईक देते." आणि संपल्यावर खरंच द्या. एखादा असा प्रश्न येईल की त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल. तेव्हा "माहिती नाही, कागद बघून आठ दिवसांत बोर्डावर लावते" हे वाक्य बिनधास्त म्हणा. असं म्हणणारा पुढारी लोकांनी पाहिलेला नसतो, त्यामुळे उलट वजन वाढतं. मात्र आठव्या दिवशी बोर्डावर कागद दिसला पाहिजे, नाहीतर पुढच्या सभेत तोच माणूस पहिला उठेल.

सुरुवातीला नावं घेण्याचा सोहळा करू नका. मंचावर बसलेले मान्यवर, माजी सरपंच, चेअरमन, व्हाईस चेअरमन, पोलीस पाटील, तंटामुक्तीचे अध्यक्ष. यात पाच मिनिटं जातात आणि एक नाव राहतंच. ज्याचं राहतं तो वर्षभर विसरत नाही. "इथे जमलेल्या सगळ्यांना नमस्कार" एवढं पुरे.

आता मालकांचं. यावर जरा स्पष्ट बोलते, रागावू नका. कायद्यात सरपंचपती नावाचं पद नाही. 1993 पासून घटनेनं पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, 2011 साली महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. कशासाठी? खुर्ची बाईची आणि माईक नवऱ्याचा, यासाठी नाही. हे तुम्हाला कळत नाही असं नाही, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत. पण 15 ऑगस्टला त्यांनी माईक घेतला तो तुम्हाला खाली बसवायला घेतला, असंही मला तुमच्या पत्रातून वाटत नाही. बायको अडकली, पोरं हसली, त्यांना राहवलं नाही. अशा माणसाला 'तुम्ही बोलू नका' एवढंच सांगितलं तर तो दुखावतो आणि परत तेच करतो. त्याला काम द्या. सांगा, "तुम्ही 2 तारखेला मंचापाशी थांबू नका. पार मागं, लिंबाखाली उभे राहा. माझा आवाज तिथपर्यंत आला नाही तर हात वर करा, मी मोठ्यांदा बोलीन." मागे उभं राहिलेल्या माणसाला माईक हिसकावून घेता येत नाही, हा फायदा आहेच. शिवाय सगळ्या गर्दीच्या शेवटी एक ओळखीचा चेहरा तुम्हाला दिसत राहील. आवाज तिथवर फेकायचा म्हटलं की मानही आपोआप वर राहते, कागदात जात नाही.

आणि समजा अडकलातच, तर? तर पत्रिकेवर बघा, पुढचा शब्द वाचा, तिथून चालू करा. मधलं काय राहिलं ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. जीभ घसरली तर शब्द नीट म्हणा आणि पुढं चला. माफी मागत बसू नका. "मला नीट बोलता येत नाही, सांभाळून घ्या" अशी सुरुवात तर मुळीच नको. बायका ती फार करतात आणि पुरुष जवळजवळ कधीच करत नाहीत, भाषण दोघांचंही सारखंच वाईट असलं तरी. बोलणं पाच मिनिटांत संपवा. पहिल्यांदा पाच मिनिटं खूप झाली.

क्लासचं विचारलंत. आत्ता नको. सगळेच क्लास वाईट असतात असं नाही, उभं राहायची सवय होते, चार अनोळखी माणसांपुढे बोलायचा धीर येतो. पण मी पाहिलेल्या बऱ्याच क्लासात हात कसे हलवायचे, आवाज कुठे चढवायचा आणि एक सुभाषित कुठे टाकायचं हे शिकवतात, आणि महिनाभरात सगळे विद्यार्थी एकसारखे बोलायला लागतात. तुमची अडचणच मुळात दुसऱ्याच्या भाषेत बोलण्याची होती. त्यावर आठ हजार देऊन तिसऱ्याची भाषा कशाला घ्यायची? दोन-तीन ग्रामसभा करून बघा. त्यानंतरही वाटलं तर जा, तेव्हा काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे तुम्हालाच कळेल.

2 ऑक्टोबरनंतर कळवा. किती हात वर आले तेही लिहा.

ता. क. : गुरुजींवर राग धरू नका. त्यांनी मनापासून लिहून दिलं होतं. यावेळी त्यांना आभार मानायला सांगा, 'कटिबद्ध' तिथे खपून जाईल.